घरकामगारांच्या हक्कांचं काम सुरू करताय? मग आधी हे वाचा

संध्याकाळी सहाची बैठक ठेवू नका. माझी पहिलीच बैठक मी सहाला ठेवली होती. पुण्यातल्या एका वस्तीत, समाजमंदिरात सतरंज्या अंथरून, आदल्या दिवशी घरोघरी पत्रकं वाटून. आल्या तीन जणी, त्यातली एक समाजमंदिराची किल्ली सांभाळणारी. सहा वाजता घरकाम करणारी बाई दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यापाशी पोळ्या लाटत असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ दुपारी अडीच ते साडेचार. त्यातही पाणी यायची वेळ आणि मुलं शाळेतून परतायची वेळ सांभाळायची.

या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे: समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्तीनंतर काही करू पाहणारे, आणि मुख्य म्हणजे स्वतः घरकाम करणाऱ्या, वस्तीत चार बायकांनी पुढे केलेल्या ताया. कायदे, कार्यालयं आणि उदाहरणं महाराष्ट्राची आहेत, कारण मला तीच माहीत आहेत.

आधी शब्द

बाई स्वतः म्हणते, "मी कामाला जाते" किंवा "मी पाच घरं करते." मालकीण म्हणते "आमच्या मावशी". सरकारी कागदावर आहे "घरेलू कामगार". मराठी कायद्यात हा हिंदी शब्द कसा शिरला याचं मला अजून कोडं आहे, पण फॉर्म भरताना तोच लिहावा लागतो. आपण "घरकामगार" म्हणतो, कारण त्यात कामगार आहे. "मोलकरीण" हा शब्द मात्र हिणकस समजून टाकून देऊ नका. १९८० साली पुण्यात या बायकांनी पगारवाढ आणि पगारी सुट्टीसाठी संप केला, संघटना उभी केली, ती मोलकरीण याच नावाने. नागपुरात रूपा कुलकर्णींनी उभी केलेली विदर्भ मोलकरीण संघटनाही त्याच नावाची. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. फुकट राबणारी ती नव्हे.

बैठकीत कुणाला "बाई" म्हणून हाक मारू नका. वयाने मोठी असेल तर मावशी किंवा आक्का, बरोबरीची असेल तर ताई. आणि आडनाव विचारून जात काढायची सवय असेल तर ती घरी ठेवून या.

वही घाला

पहिले दोन-तीन महिने भाषण देऊ नका, कायदाही शिकवू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येकीला विचारा: घरं किती, कुठल्या घरी काय काम (धुणं, भांडी, झाडू-फरशी, स्वयंपाक, बाळ किंवा आजारी माणूस सांभाळणं), घरात माणसं किती, पगार किती, शेवटचा कधी वाढला, महिन्यात सुट्ट्या किती, खाडा झाला तर पैसे कापतात का, दिवाळीला काय मिळतं, उचल घेतली आहे का.

हे दळण कंटाळवाणं वाटेल, पण संघटना इथेच उभी राहते. एकदा अशाच वहीवर आम्ही दहा-बारा जणी बसलो होतो. एकीने सांगितलं, झाडू-फरशीचे बाराशे. तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली म्हणाली, "अगं, त्याच सोसायटीत बी विंगला मी दोन हजार घेते. खोल्या तेवढ्याच." खोलीत एकदम शांतता. दोघी चार वर्षं एकाच फाटकातून आत जात होत्या आणि पगाराबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. आपलं काम जाईल, दुसरी कमी पैशात धरेल, ही भीती. पुढच्या महिन्यात बाराशेवालीने पंधराशे मागितले आणि मिळवले. त्यात आम्ही काहीच केलं नव्हतं, फक्त वही उघडी ठेवली होती.

वहीत खाड्याचा हिशोबही मांडा. महिन्याचा पगार भागिले तीस, गुणिले खाडे, असं बहुतेक घरी कापतात. मग विचारा, "तुमच्याकडे पाहुणे आले, आठ माणसांची भांडी पडली, त्या दिवशीचे जास्तीचे किती मिळाले?" बायका हसतात. त्या हसण्यानंतर सुट्टीची मागणी त्या स्वतःच मांडतात, तुम्हाला सांगावी लागत नाही.

नावं, फोन नंबर, कुठल्या घरी किती पगार हे सगळं त्या वहीत असतं, त्यामुळे ती जपा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो गेला तर दहा जणींची कामं जातील.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

आता कायदा. नवखे इथे दोन प्रकारे चुकतात. काही जण सांगत सुटतात की घरकामगारांसाठी कायदाच नाही, काही जण कायदा असल्यासारखं पगाराबद्दल दम भरायला जातात. दोन्ही खोटं आहे.

राज्यात २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. संघटनांनी बरीच वर्षं मोर्चे काढले तेव्हा तो आला. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, प्रसूती, शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदत आहे. पण नाव नीट वाचा: कल्याण मंडळ. घरमालकाने किती पगार द्यावा, किती सुट्ट्या द्याव्यात, काढून टाकताना किती दिवसांची सूचना द्यावी, यातलं काहीही तो कायदा मालकाला सांगत नाही.

केंद्राच्या पातळीवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत असंघटित क्षेत्रातल्या वेतनी कामगारांच्या व्याख्येत घरकामगार स्पष्टपणे धरले आहेत. पण औद्योगिक संबंध संहितेत "उद्योग" या शब्दाची व्याख्या करताना घरगुती सेवा वगळली आहे. सोप्या भाषेत: योजना द्यायच्या तेव्हा तुम्ही कामगार, भांडायची वेळ आली की नाही. कारखान्यातून काढलेला माणूस औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागतो, तशी घरकामगार मागू शकत नाही.

किमान वेतनाचं तसंच. कर्नाटक, केरळ, राजस्थान, तामिळनाडू अशा काही राज्यांनी १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली घरकामाचा समावेश केला होता. महाराष्ट्रात ही मागणी जुनी आहे आणि अजून मागणीच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार १६ जून २०११ रोजी जिनिव्हात मंजूर झाला, भारताने बाजूने मत दिलं, पण त्याला औपचारिक दुजोरा देऊन स्वतःला बांधून घेतलेलं नाही. १६ जूनला घरकामगार दिन पाळतात तो यावरून. आणि २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अजय मलिक खटल्याच्या निकालात केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का, हे तपासायला मंत्रालयांची मिळून समिती नेमा आणि सहा महिन्यांत अहवाल घ्या. त्याच निकालात जुनी यादीही आहे. या विषयावरचं विधेयक १९५९ मध्येच मांडलं गेलं होतं, पुढे १९८९ मध्येही. एकाचंही कायद्यात रूपांतर झालं नाही. बैठकीत हे सांगा. १९५९ म्हटलं की म्हाताऱ्या बायका आपल्या जन्माचं साल मोजतात.

मात्र दोन ठिकाणी कायदा पक्का आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार आहेत, खाजगी घरही कामाचं ठिकाण धरलं आहे. आधीच्या मसुद्यातून त्या वगळल्या होत्या. त्या आत आल्या त्या देशभरच्या संघटनांनी आरडाओरडा केला म्हणून.

नोंदणी: कंटाळवाणी, पण टाळू नका

मंडळाची नोंदणी १८ ते ६० या वयात होते, जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुक आणि ज्या घरी काम करते त्या मालकाचा दाखला लागतो. कागदांची यादी आणि शुल्क अधूनमधून बदलतं. म्हणून आधी एकटीने जाऊन खिडकीवर विचारा, भिंतीवरच्या सूचनेचा मोबाइलवर फोटो काढा, मगच पन्नास जणींना घेऊन जा. एका कार्यालयात आम्ही बावीस जणींना घेऊन गेलो, रोजचा खाडा करून, आणि कळलं की फॉर्मचा नमुना गेल्या आठवड्यात बदलला. बावीस खाडे माझ्या नावावर. त्यातल्या एकीने मला पुढची दोन वर्षं दर बैठकीत आठवण करून दिली.

आधार कार्ड आधी तपासा. निम्म्या बायकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण कार्ड काढणाऱ्याने अंदाजे साल टाकलेलं असतं. त्याचा फटका कुठे बसतो? मंडळाच्या सन्मानधन योजनेत वयाची ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत घरकामगाराला एकदा १०,००० रुपये मिळतात. आमच्या एका मावशींना नातवंडांची लग्नं झाली आहेत आणि आधारप्रमाणे त्या एकोणपन्नास वर्षांच्या. तारीख दुरुस्त करायला शाळेचा दाखला मागतात. शाळेत त्या गेल्याच नव्हत्या.

मालकाचा दाखला हे सगळ्यात अवघड काम. सही म्हटलं की घरमालक बिचकतात, उद्या भविष्यनिर्वाह निधी मागतील अशी भीती. तुम्ही मध्यस्थी करायला जाऊ नका, बाईलाच मागू द्या, आणि तिच्या सगळ्यात जुन्या, बऱ्या घरी. दोन ओळी आधीच टाइप करून द्या: अमुक या आमच्या घरी अमुक महिन्यापासून घरकाम करतात. बाकी काही लिहू नका. विचारायचं कसं, याचा सरावही बैठकीत करून घ्या. आमच्याकडे एक जण मालकीण होते, नाकावर चष्मा लावते, दुसरी म्हणते:

"वहिनी, मंडळात नाव घालायचंय. तुमची एक सही लागते."

"कसली सही? आमच्यावर काही येणार नाही ना?"

"नाही वहिनी, तुमच्यावर काही येत नाही त्याने."

हा संवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे. सही मिळते, आणि दर वेळी मला खटकतं की आपण जे वाक्य सांगून सही मिळवतो, तेच या कायद्याचं दुखणं आहे. मालकावर काहीच येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीवर उपयोगी पडेल.

नोंदणी झाली की ती जिवंत ठेवायची, म्हणजे नूतनीकरण चुकवायचं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्य सरकारने नोंदीत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. किती तरी जणींचं कार्ड होतं, पण नोंदणी मेलेली. पैसे नाही मिळाले. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी नूतनीकरणाच्या महिन्यांची यादी ठेवते.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांसाठीचं केंद्र सरकारचं पोर्टल, त्यावरही नोंदणी करा. २६ ऑगस्ट २०२१ पासून ती सुरू आहे, १६ ते ५९ वयासाठी, फुकट आहे. आधारला जोडलेला मोबाइल लागतो. सेवा केंद्रवाले पन्नास-शंभर मागतात, ते कशाचे मागतात हे विचारा.

अर्ज, पोच आणि माहितीचा अधिकार

तोंडी बोलण्याला कार्यालयात किंमत नाही. कुठेही गेलात तरी निवेदन दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन या. "साहेब नाहीत" म्हटलं तरी आवक-जावक विभाग असतोच. निवेदनात पाच मागण्या घालू नका. एका कागदावर एकच मागणी, तीही आकड्यांसह: या वस्तीतल्या एवढ्या जणींनी या तारखेला अर्ज केला, त्यापैकी एवढ्यांना ओळखपत्र मिळालेलं नाही.

महिनाभर हालचाल झाली नाही तर माहितीचा अर्ज टाका. २००५ च्या कायद्याखाली, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तो स्टॅम्पही नको. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. "का" विचारू नका, "किती" आणि "कोणत्या तारखेला" विचारा. म्हणजे असं: गेल्या तीन आर्थिक वर्षांत जिल्ह्यात किती घरेलू कामगारांची नोंदणी झाली, किती नूतनीकरण झाली, कोणत्या योजनेवर किती रुपये खर्च झाले. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर प्रथम अपील. हे आकडे पत्रकाराला आणि आमदाराला देता येतात, तिथे तुमचा संताप चालत नाही.

आणि अर्ज शक्यतो घरकाम करणाऱ्या बाईच्याच नावाने करा, लिहून द्यायचं काम तुमचं. एका मावशींच्या नावाने सरकारी लिफाफा आला तेव्हा त्यांनी तो फोडलाच नाही, दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवला.

चोरीचा आळ

तुम्हाला रात्री अकराला फोन येणार आहे, हे धरून चाला. कुणाच्या तरी घरातून अंगठी गेली, बाईला ठाण्यात नेलंय. पगाराच्या भांडणात न उभी राहणारी संघटना या एका फोनवर उभी राहते किंवा मोडते. त्यामुळे यासाठी आधीच तयारी हवी. कोण जाणार, कुणाकडे दुचाकी आहे, कोणता वकील फोन उचलतो, हे ठरलेलं असू द्या.

ठाण्यात जाताना कमीत कमी तिघी जा, एकटं जाऊ नका. आवाज चढवू नका, खाली बसून घ्या. पहिला प्रश्न: हिला कशासाठी आणलंय, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून? साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यावा लागतो. अटक करायची असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. अंगझडती बाईनेच घ्यायची. अटक झाली तर नातेवाइकाला कळवायचं आणि चोवीस तासांच्या आत कोर्टासमोर उभं करायचं. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीत ठेवा. ठाण्यात फोनवर शोधत बसलात तर समोरच्याला कळतं की तुम्हाला माहीत नाही.

वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, दूरध्वनी १५१००.

एक कटू गोष्टही सांगते. बाईने खरंच घेतलं असेल असंही कधी निघतं. मग संघटनेने काय करायचं? आम्ही ठरवलं आहे: मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवण्याविरुद्ध उभं राहायचं, चोरीच्या खटल्यात तिला वकील मिळवून द्यायचा, पण खोटं बोलायचं नाही. हे आधीच बैठकीत ठरवून ठेवा, त्या रात्री ठरवता येत नाही. आणि वस्तू सोफ्याखाली सापडते तेव्हा, जी अनेकदा सापडते, मालकाकडून लेखी माफी मागून घ्या. तोंडी "सॉरी हं मावशी" वर सोडू नका. ती चिठ्ठी तिला पुढच्या घरी काम मिळवून देते.

छळाची तक्रार

इथे थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येक प्रकरण वेगळं असतं आणि बाईच्या मर्जीशिवाय एक पाऊलही टाकायचं नसतं. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या त्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायची जबाबदारी समितीची आहे. घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. समितीचा पत्ता आजच शोधून ठेवा, महिला व बालविकास कार्यालयात विचारा. किती तरी जिल्ह्यांत समितीच्या दाराला पाटीही नसते, तेव्हा पाटी लावा हीच पहिली मागणी करा.

वेगळा कप, वेगळी लिफ्ट, संडास वापरू न देणं, हे सगळं वहीत लिहा. जातीवरून शिवी दिली असेल तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यासाठी ठिकाण, शब्द आणि ऐकणारे कोण होते याची नोंद त्याच दिवशी हवी.

सोसायटीशी बोलणं

घरमालक शत्रू नव्हे आणि मायबापही नव्हे. निम्म्या मालकिणी स्वतः नोकरी करतात, त्यांचाही पगार कुणी कापतं. सोसायटीच्या समितीकडे एक पानाचं दरपत्रक घेऊन जा: कोणत्या कामाला, किती माणसांमागे, किती रुपये, महिन्याला चार पगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, दर वर्षी वाढ. संघटना अशी दरपत्रकं काढत आल्या आहेत. त्याला कायद्याचा आधार नाही, त्यामुळे "दर" म्हणा, "नियम" म्हणू नका. पण छापलेला कागद दारात आला की बोलणी त्या आकड्यावर सुरू होतात, एवढं नक्की.

पगारी सुट्टीपेक्षा जास्त विरोध होतो तो संडासाला. सोसायटीच्या आवारात कामगारांसाठी संडास उघडा ठेवा, ही साधी मागणी. वॉचमन, ड्रायव्हर, कचरा नेणारे, सगळ्यांचा प्रश्न आहे. ही मागणी पहिली ठेवा, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि नाही म्हणताना समितीला लाज वाटते. ती मान्य झाली की बायकांना पहिला विजय मिळतो, आणि पहिल्या विजयाशिवाय तिसऱ्या बैठकीला कुणी येत नाही.

सोसायटीच्या फाटकावर ये-जा नोंदवणाऱ्या ॲपमध्ये बाईला तारे देतात, "काळ्या यादीत" टाकतात. तिला ते दिसतही नाही. समितीला लेखी विचारा: शेरा कोण लिहितं, काढायचा असेल तर कुणाकडे अर्ज करायचा?

विधानभवनापर्यंत

नवी संघटना नोंदवायची घाई करू नका. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांत जुन्या संघटना आहेत, त्यांच्या सभासदत्वाच्या पावत्या फाडा, त्यांच्याकडे शिका. भांडण झालं तर वेगळं व्हायला पुढे आयुष्य पडलं आहे.

विधिमंडळाचं काम असं चालतं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. आमदाराकडे अधिवेशनाच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते, बरेच दिवस आधी द्यावे लागतात. जाताना माहितीच्या अधिकारातले आकडे आणि प्रश्नाचा मसुदा घेऊन जा, स्वीय सहायकाच्या हातात द्या, खरं काम तोच करतो. विरोधी पक्षाचा आमदार प्रश्न विचारेल, सत्ताधारी पक्षाचा मंत्र्याला भेटवेल. दोघंही हवेत.

मागणी काय करायची? इथे तो संवाद आठवा: तुमच्यावर काही येत नाही. महाराष्ट्रातच याला उलटं उदाहरण आहे. १९६९ चा माथाडी कायदा. ओझी वाहणारा हमालही एका मालकाचा नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तरी त्यांच्यासाठी मंडळं झाली. मालकाने नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा वर्गणी, द्यायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, बोनस. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या माथाड्यांनी ते लढून मिळवलं. "पाच घरी काम करणाऱ्या बाईचा मालक कोण?" असं अधिकारी विचारतो तेव्हा त्याला माथाडी दाखवा. अनेक मालक असणं ही अडचण या राज्याने छप्पन-सत्तावन्न वर्षांपूर्वी सोडवली आहे. माझ्या मते बाकी सगळ्या मागण्या, भांड्यांचे संच, शिष्यवृत्ती, सन्मानधन, या मागे ठेवून हीच पुढे रेटली पाहिजे: मालकाची नोंदणी आणि मालकाची वर्गणी. योजनांची यादी वाढवत नेली की सरकार खूश, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि घरमालकाच्या दारात काहीच बदलत नाही. आमच्याच संघटनेतल्या काहींना हे पटत नाही. त्या म्हणतात, मालकावर लेव्ही आली तर तो बाई ठेवायचीच बंद करेल. हा वाद खरा आहे, तो बैठकीत होऊ द्या, दाबू नका.

मोर्चाचं गणित वेगळंच. आझाद मैदानात जायचं तर पोलीस परवानगी आधी, पाण्याचे कॅन, संडास कुठे आहे याची चौकशी, औषधाची पेटी, आणि परतीची लोकल कोणती. वार निवडताना विचारा. सोमवारी सुट्टी मागितली तर मालकीण चिडते, रविवारी घरी पाहुणे असतात, गुरुवारी उपास. आमच्या बायकांनी एकमताने बुधवार ठरवला. आणि जाण्याआधी आठ दिवस प्रत्येकीने घरी सांगायचं, "वहिनी, बुधवारी येणार नाही, मोर्चा आहे." ताप आला, सासू गेली, अशी कारणं द्यायची नाहीत. पहिल्या मोर्चाला आमच्यातल्या अकरा जणींच्या सासवा एकाच दिवशी वारल्या होत्या, त्यातल्या दोघी एकाच मालकिणीकडे कामाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला वही घेऊन वस्तीत बसा. कुणाचा खाडा कापला, कुणाला बोलणी बसली, कुणाचं काम गेलं, ते लिहून घ्या. ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात घर शोधा, बाकी सगळं नंतर.